साहित्य आणि कृती

काही महिन्यांपूर्वी विदर्भातल्याच एका महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकांचे चर्चासत्र होते. विषय नवोदितांच्या कथालेखनाचा. तालुक्याच्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींच्या लेखनाविषयी बोलताना एका ज्येष्ठ समीक्षकांनी असा अभिप्राय दिला, की या लेखनात ऊर्मी आहे पण ऐवज नाही. घरात जे सापडले त्यावर भागवलेले हे लिखाण आहे. थोडक्यात सांगायचे तर हा जुगाड आहे. सभागृहात हशा झाला. ज्या कथेवरून हा अभिप्राय निघाला, ती पारशिवनी तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीची होती. वडील ढीवर, आई गोधड्या शिवून देणारी. कथेत जाळ्याचे, सुईदोऱ्याचे आणि चुलीचे शब्द होते. ती मागच्या रांगेत बसली होती. त्यानंतर तिने मला काहीही लिहून दाखवलेले नाही.

मी त्या दिवशी गप्प बसलो, याची मला लाज वाटते. हे उत्तर उशिराचे आहे आणि ते मी माझ्या एका क्षुल्लक छंदाच्या आधाराने देणार आहे. मासे धरण्यासाठी गळावर कृत्रिम माश्या बांधणे, हा तो छंद. विलायतेत या विद्येवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. आपल्याकडे तिचे नाव काढले तर लोक चेष्टा समजतात. परंतु 'साहित्य कुठून आणले' आणि 'त्याचे काय केले' या दोन प्रश्नांतला फरक मला ज्या स्वच्छपणे या छंदाने शिकवला, तसा आपल्या समीक्षेने शिकवला नाही.

आपल्या भाषेने यात एक सोय करूनच ठेवली आहे. पाककृतीच्या वहीत आधी 'साहित्य' हा मथळा असतो, मग 'कृती'. दोन वाट्या डाळीचे पीठ आणि चिमूटभर हिंग हेही साहित्य, आणि आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो तेही साहित्य. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहित असण्याला काव्य म्हटले, तो अर्थ आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. सामग्रीचा अर्थ मात्र स्वयंपाकघरात ठेवून येतो. साहित्याचा विचार साहित्याच्याच दुसऱ्या अर्थाला वगळून केला, की जे व्हायचे तेच त्या सभागृहात झाले.

आता माशीकडे. गळाला दोरा, लोकर, पीस, केस असे काही गुंडाळून पाण्यावरच्या वा पाण्यातल्या किड्याचा आभास निर्माण करणे, एवढेच तिचे तत्त्व. पाश्चात्त्य परंपरेतला तिचा जुना आणि सुस्पष्ट उल्लेख इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने केला आहे. मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक मासे कसे धरतात, हे सांगताना तो लिहितो, की ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखाली वाढणारी मेणाच्या रंगाची दोन पिसे त्यावर बसवतात. लोकर आणि कोंबडा! म्हणजे या कलेचा जन्मदाखलाच मुळी अंगणातला आहे.

पुढे १४९६ मध्ये इंग्लंडात विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्यावरचा एक प्रबंध छापला. ज्युलियाना बर्नर्स या संन्यासिनीच्या नावावर तो परंपरेने मोडतो. ते कर्तृत्व संशयास्पद मानले जाते. त्यात बारा माश्यांची कृती दिली आहे. साहित्य काय? निरनिराळ्या रंगांची लोकर, बदकाच्या पंखातले पीस, मोराच्या पिसाऱ्याचे तंतू, कोंबड्याच्या मानेवरची पिसे. गळ विकत आणायचा नाही. तो सुईचा करायचा. भरतकाम करणाऱ्याची, शिंप्याची, चांभाराची सुई तापवून, वाकवून, पुन्हा पाणी देऊन गळ कसा घडवावा, हे त्या प्रबंधात सविस्तर सांगितले आहे. दोरी घोड्याच्या केसांची वळायची. ज्या ग्रंथाला इंग्रजी गळविद्येचा आदिग्रंथ म्हणतात, तो घरातल्या आणि शेजारच्या कारागिराकडच्या वस्तूंचीच यादी आहे.

मग 'अस्सल साहित्य' नावाचे प्रकरण आले कुठून? ते आले साम्राज्याच्या जहाजांतून. व्हिक्टोरियन काळात लंडनच्या बंदरात जगभरच्या पक्ष्यांची कातडी उतरू लागली आणि सॅमन माशासाठीच्या माश्यांत टूकन, कोटिंगा अशा पक्ष्यांची पिसे शिरली. जॉर्ज केल्सन याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात या माश्यांचे जणू धर्मशास्त्रच रचले : अमुक नावाच्या माशीला अमुकच पक्ष्याचे पीस. या व्यापारात 'इंडियन क्रो' या नावाने जे महागडे लाल पीस विकले जाई, तो पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातला आहे. खरोखर भारतातून जात होती ती करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणाच्या ठिपक्यांसारखी चमकणारी पिसे. ती इतकी गेली, की अखेर भारताला तो निर्यातव्यापार बंद करावा लागला. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे.

या धर्मशास्त्राची खरी गंमत पुढे आहे. समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन विणीच्या प्रवासात अन्न घेतच नाही. तो माशीवर झडप घालतो ती का, याविषयी तर्क अनेक आहेत. भूक हे कारण मात्र नव्हे. ज्या माशाला खायचेच नाही, त्याच्यापुढे पाच खंडांतली पिसे ओळीने मांडून 'यातले एकही बदलू नका' असे बजावणारे शास्त्र हे माशासाठी रचलेले नव्हते, हे उघड आहे. ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला दाखवण्यासाठी होते. आपल्या साहित्यव्यवहारातले काही निकष आठवत असतील, तर ते वाचकांनी स्वतःशीच आठवावेत.

या शुद्धतेच्या वेडाचा शेवट कुठे होतो, तेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. जून २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एडविन रिस्ट हा अमेरिकन तरुण ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून आत शिरला आणि पक्ष्यांची २९९ कातडी घेऊन गेला. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेली होती. हेतू एकच : केल्सनच्या काळातल्या माश्या 'अस्सल' पिसांनी बांधणे आणि तशा बांधू पाहणाऱ्यांना ती पिसे विकणे. किती तरी नमुन्यांवरच्या नोंदीच्या चिठ्ठ्या त्याने तोडून टाकल्या. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीने नमुना जवळजवळ निरुपयोगी होतो. कर्क वॉलेस जॉन्सन यांनी २०१८ मध्ये या चोरीवर पुस्तक लिहिले. त्यातून जे जग दिसते, त्यात या माश्या बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या कधी पाण्यात टाकलेल्याच नाहीत. साहित्याची शुद्धता इतकी पराकोटीला गेली, की पाणीही उरले नाही आणि मासाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण फ्रँक सॉयरचे. हा इंग्लंडातल्या एव्हन नदीचा राखणदार. त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर एक माशी बांधली. धागा वापरलाच नाही. तारेनेच बांधणीही केली, वजनही दिले आणि अंगाला छटाही आणली. १९५८ च्या त्याच्या पुस्तकानंतर ही माशी जगभर गेली. त्याची दुसरी माशी मोजे रफू करण्याच्या लोकरीची. 'चॅडविक' नावाच्या कंपनीची, ४७७ क्रमांकाच्या छटेची ती लोकर भिजल्यावर किंचित गुलाबी दिसे आणि पाण्यातल्या कवचधारी जिवासारखी वाटे. रफूची लोकर आणि तार. आपल्या समीक्षकांच्या शब्दांत जुगाड.

परंतु गोष्ट इथे संपत नाही आणि माझ्या युक्तिवादाला हा उत्तरार्धच अधिक महत्त्वाचा आहे. त्या लोकरीचे उत्पादन बंद झाले. त्याबरोबर उरलेल्या गुंड्यांना मोल चढले. रफूची साधी लोकर संग्राहकांची वस्तू झाली. 'अस्सल ४७७ नसेल तर ती सॉयरची माशीच नव्हे' असे म्हणणारे निघाले. जे साहित्य सहज हाताशी होते म्हणून निवडले गेले, तेच दुर्मीळ होताच नवे सोवळे ठरले. घरगुती वस्तू परकीय वस्तूइतकीच सहज मूर्तिपूजेचा विषय होऊ शकते. मुद्दा घराचा किंवा परदेशाचा नाहीच. सॉयरने लोकर निवडली ती भिजल्यावर काय होते हे पाहून. त्याच्या अनुयायांनी निवडली ती गुंडीवरचा क्रमांक पाहून.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बाजूने बोलायला उभे राहणारे काही मित्र मला विरोधकांपेक्षा अधिक अडचणीचे वाटतात. 'देशी तेच श्रेष्ठ', 'मातीतले तेच खरे' अशी त्यांची भूमिका. बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. घरोटे, चूल, शेत, पाखरे हे तिचे साहित्य. आज त्याच यादीला प्रमाणपत्राचे मोल आले आहे आणि जाते न पाहिलेले कवीही जात्यावर लिहितात. त्यांच्या हाती ४७७ क्रमांकाची गुंडी आहे. बहिणाबाईंनी त्या वस्तूंचे काय केले, शब्द कसा वळवला, प्रश्न कुठे टाकला, हे शिकवणे अवघड. वस्तूंची यादी शिकवणे सोपे. आपण यादी शिकवतो.

अनुकरणाचा प्रश्नही इथेच येतो. मराठीत 'मक्षिकास्थाने मक्षिका' हा वाक्प्रचार आहे : मूळ पोथीत माशी चिरडून चिकटलेली होती, म्हणून नकलनविसाने आपल्या प्रतीतही माशी मारून चिकटवली. माशी बांधणाऱ्यांच्या जगात हा वाद अक्षरशः झाला. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ च्या आपल्या ग्रंथात नैसर्गिक किड्याची रंग आणि आकार यांनिशी हुबेहूब प्रतिकृती करण्याचा आणि ती पाण्याच्या पृष्ठावरच तरंगवण्याचा आग्रह धरला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० पासून त्याला उत्तर दिले : मासा बरेचसे खाणे पृष्ठाखाली खातो, तिथे प्रतिकृतीपेक्षा सूचन महत्त्वाचे. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली. ॲरिस्टॉटलचे अनुकरण आणि आनंदवर्धनाची ध्वनी एकाच सत्रात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना या वादात अपरिचित असे काही नाही. पण स्क्यूजचे म्हणणे मान्य केले, तर साहित्याच्या शुद्धतेचा पायाच ढासळतो. सूचन करायचे तर सूचन करणारी कोणतीही वस्तू चालेल, आणि ती कोणती हे पाणीच ठरवेल.

आता माझे टेबल. त्यावर पकड म्हणून सुताराचा छोटा शिकंजा आहे. धागा शिलाई मशीनच्या बॉबिनवरचा. जळालेल्या पंख्याच्या मोटरीतली तांब्याची तार. मुलाच्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर. आईच्या फाटलेल्या लुगड्याच्या काठातली जर. बिघडलेल्या कॅसेटची फीत. झिजलेल्या हवाई चपलेचा तळ. शेजारच्या घरच्या कोंबड्यांची पिसे. शेवटच्या गाठीवर लावायला नेलपॉलिश. पेंचच्या जंगलात पडलेले पीसही मी उचलत नाही. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून नेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि अंगणात कोंबडी असताना त्याची गरजही नाही.

यातले सारेच चालते असे मुळीच नाही. सुतळी पाणी पिऊन फुगते आणि माशी दगडासारखी बुडते. नारळाचा काथ्या इतका ताठ, की पाण्यात त्याला जीव येत नाही. वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी पट्टी पहिल्या दोन फेकींत सुंदर दिसते आणि मरळीच्या दातांनी तिसऱ्या वेळी फाटते. कोंबडीचे पीस मऊ; ते पृष्ठावर तरंगायला कुचकामाचे, पण पृष्ठाखाली प्रवाहाबरोबर श्वास घेतल्यासारखे हलते. कॅसेटची फीत किड्याच्या पाठीसारखी चकाकते. चपलेचा तळ बेडकाच्या आकारात कापून त्याला लोकरीचे पाय लावले, की पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसलेली मरळ त्याच्यावर येते. 'काहीही चालते' हे तत्त्व या विद्येत एक सकाळसुद्धा टिकत नाही. प्रत्येक वस्तूला तिचा स्वभाव आहे आणि तो तिच्या किमतीत वा कुळात लिहिलेला नसतो. तो भिजवून पाहावा लागतो.

गावतलावावर, मच्छीमार संस्थेच्या परवानगीने, मी प्रथम चपलेची माशी टाकली तेव्हा एक वृद्ध ढीवर काका बराच वेळ बघत उभे होते. त्याआधी मी त्यांना परदेशातून मागवलेली एक महाग माशी दाखवून, आपली कशी कमअस्सल आहे, हे ओशाळून सांगत होतो. ते म्हणाले, "सर, मासोळीले का समजते पीस इलायतचं हाय का कोंबडीचं? तुमी हलवता कसं, ते पाहा." मराठी समीक्षेचा इतका नेमका सिद्धान्त मी कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेला नाही.

इथे कोणी म्हणेल, की मग 'जुगाड' या शब्दाने एवढे दुखावण्याचे कारण काय? कारण त्या शब्दाच्या दोन्ही वापरांत अपमान आहे. एक वापर हशाचा, तो मी पाहिला. दुसरा कौतुकाचा आहे आणि तो अधिक घातक. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत गरिबाच्या कल्पकतेचे गोडवे गाताना, त्याच्याजवळ साधन का नाही, हा प्रश्न अलगद बाजूला पडतो. पेंच नदीवर तोतलाडोहला धरण झाले, जलाशयाला मेघदूत हे कालिदासी नाव मिळाले, भोवतीचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. मध्य प्रदेशाच्या बाजूला विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले, तर त्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा गेला. १९९७ मध्ये न्यायालयाने ते परवाने कायम ठेवले, पण अटी घालून. काठावर स्वयंपाकासाठीही विस्तव पेटवायचा नाही, ही त्यांतली एक. वाघाचे जंगल राखायचे तर अटी हव्यात, हे मलाही मान्य आहे. पण पाण्यावर जगणाऱ्या माणसाची चूलसुद्धा जिथे कायद्याचा विषय होते, तिथे त्याच्या 'कल्पकते'वर टाळ्या वाजवणे मला शोभत नाही. चपलेचा तळ कापणे ही माझी हौस आहे. मला पर्याय आहे. ज्याला पर्याय नाही त्याच्या कामाला माझ्या हौसेचे नाव देणे हीसुद्धा एक प्रकारची चोरीच.

याच न्यायाने माझ्या छंदावरचा एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. प्लास्टिकची पट्टी तुटली, चपलेचा तुकडा अडकला, तर तो त्या तलावातच राहतो, आणि तलाव माझा नाही. म्हणून पाकिटाची पट्टी मी सोडून दिली, चपलेचा तुकडा तारेने दुहेरी बांधतो. साहित्य हाताशी होते एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. लेखकालाही हे लागू आहे. घरातले दुःख हाताशी आहे म्हणून ते कागदावर फेकून देता येत नाही. ते ज्या घरातले आहे त्या घराचे काही देणे लागते.

आणि आता पुन्हा त्या सभागृहात. लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ मध्ये 'ब्रिकोलर' ही संकल्पना मांडली : हाताशी असलेल्या, मूळ दुसऱ्याच कामासाठी घडलेल्या वस्तूंतून नवी रचना करणारा. त्याच्या समोर त्याने अभियंता उभा केला, जो म्हणे प्रत्येक कामासाठी योग्य तेच साधन आणतो. १९६६ च्या व्याख्यानात देरिदाने विचारले, की असा अभियंता आहे कुठे? भाषा वापरणारा प्रत्येक जण आधीच वापरलेल्या साहित्यावरच काम करतो. हा भाग आपल्या अभ्यासक्रमात आहे. त्यावर गुणांचा प्रश्न येतो. 'ब्रिकोलाज' हा फ्रेंच शब्द उच्चारताना आपला आवाज गंभीर होतो आणि तीच गोष्ट एका ढिवराच्या मुलीने केली की आपण हसतो. हशा पिकवणाऱ्या समीक्षकांनीच त्याआधीच्या सत्रात देरिदावर निबंध वाचला होता.

त्या कथेत काय होते, ते सांगतो. बाप फाटलेले जाळे विणतो आहे, आई गोधडी शिवते आहे आणि सुई एकच आहे, असा प्रसंग होता. दोघेही सुई मागत नाहीत, दोघेही थांबतात. मुलगी ते पाहते. एवढेच. कथेत दोष होते. शेवट ताणलेला होता, मधला एक परिच्छेद निव्वळ माहितीचा होता. ते दोष दाखवले असते, तर तिने वहीत टिपून घेतले असते. तिला सांगितले गेले ते असे, की तुझी सुई घरातली आहे.

शिकवणाऱ्यांकडे माझे मागणे छोटे आहे. विद्यार्थ्याच्या लेखनावर अभिप्राय देताना साहित्याची यादी तपासू नका, ती विलायती असो वा देशी. कृती वाचा. कोणती वस्तू भिजली तेव्हा काय झाले, कुठे बुडाली, कुठे हलली, ते सांगा. आणि ते सांगता येत नसेल, तर निदान हसू नका.

मी त्या मुलीच्या घरी जाऊन तिची वही परत मागणार आहे. जाताना सुयांचे एक पाकीट नेण्याचा मोह झाला होता. तो मी आवरला. सुईची उणीव तिच्या कथेतली आहे. ती भरून काढण्याचे काम माझे नाही. तिचे तिने काय केले, ते वाचणे एवढेच माझे काम आहे.